आधी बघा, मग हात लावा

पडद्यावर दोन बाळं. आवाज बंद. पहिलं लालबुंद होऊन रडतंय, पाय झाडतंय, आईच्या हातातला चमचा ढकलून देतंय. दुसरं आजीच्या मांडीवर शांत पडलंय. डोळे अर्धे उघडे आहेत, पण नजर कुठेच नाही, आणि एक हात मांडीवरून खाली लोंबतोय. अर्ध्या मिनिटात चित्रफीत संपली आणि शिकवणाऱ्या बालरोगतज्ज्ञ मॅडमनी विचारलं, "गाडी एकच आहे. आधी कोणाला घ्याल?"

आजारी मूल ओळखायच्या प्रशिक्षणासाठी जमलेल्या पारोळ्यातल्या त्या सभागृहात लगेच दोन तट पडले. बऱ्याच जणांनी रडणाऱ्याकडे बोट दाखवलं, कारण त्याला काहीतरी होतंय हे उघड होतं. मागे बसलेल्या एका पायलटला ते पटेना. (108 रुग्णवाहिकेच्या चालकाला सगळे पायलटच म्हणतात.) "पहिल्याच्या अंगात जोर तरी आहे, मॅडम. दुसरं नुसतं पडलंय." मॅडमनी हो-नाही काहीच केलं नाही. तीच फीत पुन्हा लावली आणि दुसऱ्या बाळाच्या पोटाकडे बघायला सांगितलं. पोट भराभर उडत होतं. पहिल्या खेपेला सगळ्यांचे डोळे रडणाऱ्या बाळानेच धरून ठेवले होते.

पारोळा हा जळगाव जिल्ह्याचा धुळ्याकडचा तालुका. गावात भुईकोट किल्ला, बालाजीचं देऊळ, शेजारून जाणारा सुरत-कोलकाता महामार्ग, आजूबाजूला कपाशीची शेतं. गावात कुटीर रुग्णालय आहे. पण बाळ अत्यवस्थ असेल तर धुळ्याचं श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय गाठायचं, म्हणजे 35-36 किलोमीटर, नाहीतर त्याहून लांब जळगाव. तामसवाडीकडच्या, बोरी धरणाच्या अंगच्या गावांतून निघालं तर आधी पारोळ्यापर्यंतचा रस्ता आणखी. म्हणजे बाळाला पहिल्यांदा बघणारा माणूस बहुधा बालरोगतज्ज्ञ नसतो. तो आशाताई असते, उपकेंद्रातली सिस्टर असते, किंवा 108च्या गाडीतून उतरणारा डॉक्टर.

महाराष्ट्रात 108ची सेवा 2014 साली सुरू झाली ती 937 गाड्यांनिशी. त्यातल्या 233 गाड्या जास्तीच्या यंत्रसामग्रीच्या होत्या आणि 704 प्राथमिक सोयींच्या. इतर बऱ्याच राज्यांत गाडीवर तंत्रज्ञ असतो, इथे डॉक्टर असतो, हे आपल्याकडचं वेगळेपण. त्यामुळे गाडीवरच्या माणसाला बाळांचं सगळं कळतच असणार, असं आपण धरून चालतो. महामार्गालगतच्या गाडीला अपघात, बाळंतपणं, छातीत दुखणारे, विष घेतलेले, साप चावलेले असे रुग्ण सारखे मिळतात, आणि त्यांच्यावर हात बसत जातो. खरोखर अत्यवस्थ असलेलं दोन महिन्यांचं मूल मात्र त्या मानाने क्वचित वाट्याला येतं. जे क्वचित येतं ते ओळखायची सवय लागत नाही. जगभरच्या रुग्णवाहिका सेवांची हीच अडचण आहे, आणि प्रशिक्षणाने भरून काढायची तूट नेमकी ही आहे.

दुपारपर्यंत कोणाच्याही हातात स्टेथोस्कोप दिला गेला नाही, कारण आधी शिकायचं होतं ते नुसतं बघणं. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने 2000च्या सुमारास रुग्णवाहिकेवरच्या लोकांसाठी एक त्रिकोण रूढ केला. त्याच्या तीन बाजू म्हणजे मूल कसं दिसतंय, श्वासासाठी किती धडपडतंय, आणि कातडीचा रंग कसा आहे. तिन्ही गोष्टी दारातूनच, अर्ध्या मिनिटात, हात न लावता बघायच्या. हात न लावण्यावर मॅडमचा फार भर होता, आणि त्याचं कारण व्यवहारातलं आहे. अनोळखी माणसाने अंगावरचं दुपटं ओढलं की मूल रडणार, आणि रडणाऱ्या मुलाचा श्वास मोजून काही कळत नाही. म्हणून मूल आईच्या मांडीवरच राहू द्यायचं, झबलं आईलाच वर करायला सांगायचं, आणि आपण दोन हात लांब उकिडवं बसायचं.

"कसं दिसतंय" हा प्रश्न ढोबळ वाटतो, पण तो सोडवत नेला की त्यात बरंच निघतं. हातपाय कसे आहेत, घट्ट मिटलेले की लुळे? किल्ल्या वाजवल्या तर बघतंय का? आईने छातीशी घेतल्यावर थोडं तरी निवतंय का, की आईजवळही तसंच? नजर आईवर ठरते का? रडणं खणखणीत आहे, की मांजराच्या पिलासारखं बारीक? एका सिस्टरने विचारलं, "झोपलेलं असेल तर?" प्रश्न रास्त होता. झोपलेलं मूल उठवायचं. तळपायाला टिचकी मारल्यावर निरोगी मूल चिडून पाय ओढून घेतं, तोंड वेंगाडतं. आजारी मूल डोळे किलकिले करतं आणि पुन्हा मिटतं. घरातली माणसं त्याला "आज शहाण्यासारखं झोपलंय" म्हणतात. तीन वेळा दूध न घेता झोपलेलं बाळ शहाणं नसतं.

मग श्वास. सगळ्यांना एकाच बाळाची फीत दाखवून श्वास मोजायला लावले. एकाने चाळिशीतला आकडा सांगितला, दुसरीने साठीच्या पुढचा, आणि दोघंही ठाम होते. घोळ कुठे झाला ते लगेच कळलं. कोणी पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं होतं, कोणी छाती बघत होतं, कोणी मोबाइलवरच्या घड्याळाकडे बघताना मधले श्वास गाळले होते. तान्ह्या बाळाचा श्वास एका लयीत चालत नाही. ते भराभर दहा-बारा श्वास घेतं, मग पाच-सात सेकंद थांबतं, मग पुन्हा. पंधरा सेकंदांत यातला कोणता तुकडा हाती लागेल याचा नेम नाही. म्हणून पूर्ण मिनिट मोजायचं, पोटाकडे बघून. दोन महिन्यांच्या आतल्या बाळात 60 किंवा त्याहून जास्त आले तर पुन्हा एकदा मोजायचं, आणि दुसऱ्यांदाही तेवढेच आले तर तो धोका धरायचा. दोन महिने ते एक वर्ष या वयात हद्द 50ची, एक ते पाच वर्षांत 40ची. भिंतीवरच्या तक्त्यात हे आकडे वर्षानुवर्षं असतात. मिनिटभर थांबून मोजणारे कमी असतात, कारण बाहेर नातेवाईक दार ठोठावत असताना एक मिनिट फार लांब वाटतं. इथे प्रत्येकाकडून ते मोजून घेतलं, पुन्हा पुन्हा, सगळ्यांचे आकडे एकमेकांजवळ येईपर्यंत. सबंध प्रशिक्षणातला सगळ्यात कंटाळवाणा भाग हाच, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचाही.

ही मोजणी महाराष्ट्राला नवी नाही. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी 1986 साली गडचिरोलीत 'सर्च' संस्था सुरू केली, तेव्हा न्यूमोनिया ओळखण्याचं काम त्यांनी गावातल्या दाईंना शिकवायचं ठरवलं. त्यातल्या अनेकींना पन्नास-साठपर्यंत आकडे मोजता येत नव्हते. मग एक साधं यंत्र तयार झालं. मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि शेजारी मण्यांच्या दोन ओळी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. तान्ह्या बाळांच्या ओळीत सहावा मणी लाल, मोठ्या मुलांच्या ओळीत पाचवा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर न्यूमोनिया. 1990 साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांच्या कामाचा निष्कर्ष छापून आला. ज्या गावांत हे काम झालं तिथे न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू इतर गावांच्या मानाने 54 टक्क्यांनी कमी होते. अक्षर न येणाऱ्या बाईला जे साधलं ते पदवीधराला साधू नये, असं काही नाही. मात्र त्या दाईंच्या मागे कोणीतरी सतत लागलं होतं, तपासत होतं, पुन्हा शिकवत होतं. एका दिवसाचा वर्ग घेऊन प्रमाणपत्र वाटल्याने ते झालेलं नाही.

दुपारनंतर विषय निघाला फसवणाऱ्या खुणांचा. मोठा माणूस खालावतो तेव्हा रक्तदाब आधीच इशारा देतो. मुलाचं शरीर तसं करत नाही. रक्त किंवा पाणी कमी पडलं की ते हृदयाचा वेग वाढवतं, हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळून घेतं, आणि दाब शेवटपर्यंत जागेवर ठेवतं. मग एकदम सगळं सोडून देतं. म्हणून दाब ठीक आहे यावर विसंबायचं नाही. कपाळावर किंवा छातीच्या मधल्या हाडावर बोट पाच सेकंद दाबून उचलायचं आणि पांढरा पडलेला ठसा पुन्हा लाल व्हायला किती वेळ लागतो ते बघायचं. तीन सेकंदांच्या वर गेला तर घाई करायची. हात कोपरापर्यंत गार आहे का, पाय गुडघ्यापर्यंत गार आहे का, तेही बघायचं. तीन किलोच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून रक्त असतं सुमारे 240 मिलिलिटर. जुलाबांनी किंवा नाळेतून झालेल्या रक्तस्रावाने त्यातलं थोडंही गेलं तरी किती गेलं, हे या आकड्यावरून समजावं.

आणखी एक खूण सगळ्यांनी वहीत दोनदा लिहून घेतली. धापा टाकणारं मूल थकतं आणि त्याचा श्वास हळू होतो. मघाशी 70 होते, आता 30 आहेत, तेव्हा ऑक्सिजनने गुण आला असं वाटतं. मूल तरतरीत झालं असेल, आईकडे बघत असेल, तर खरंच गुण आला. ते अधिकच मलूल पडलं असेल तर ते दमलंय आणि श्वास बंद पडायच्या बेतात आहे. आकडा एकटा वाचायचा नाही, चेहऱ्याबरोबर वाचायचा. श्वास सोडताना येणारा कण्हल्यासारखा आवाज, नाकपुड्या फुलणं, बरगड्यांखाली खळगा पडणं, श्वासागणिक डोकं हलणं, यातलं काहीही दिसलं की नुसता सर्दी-खोकला हा शब्द चिठ्ठीवर लिहायचा नाही.

आशाताई इतका वेळ गप्प होत्या. नवजात बाळाचा विषय निघाल्यावर त्या बोलायला लागल्या, आणि मग त्यांना थांबवणं अवघड झालं. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे त्या तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जातात. घरी जन्म झाला असेल तर पहिल्या दिवशीही. वजनकाटा, थर्मामीटर आणि घड्याळ पिशवीत. ही पद्धतही गडचिरोलीतूनच आली. 39 गावांत करून बघितलेल्या घरच्या घरी नवजात सेवेने नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी घटले, ते 1999 साली प्रसिद्ध झालं, आणि 2011 पासून देशभरच्या आशांचं ते काम ठरलं. जंतुसंसर्ग ओळखण्याच्या तिथल्या यादीत मला फार आवडणारी गोष्ट अशी की आईचं म्हणणं हीच त्यात एक खूण आहे. "आधी चांगलं रडायचं, आता आवाज बारीक झाला", "ओढायचं ते सोडलं", "अंग गार लागतं". आई सांगते ते नातेवाइकांची घबराट म्हणून बाजूला सारायचं नाही, नोंदवायचं. कालचं बाळ तिने पाहिलेलं असतं. गाडीतून आत्ता उतरलेल्या माणसाने ते पाहिलेलं नसतं.

गार पडलेलं बाळ तापलेल्या बाळाइतकंच धोक्यात असतं, पुष्कळदा जास्त. नवजात बाळाचं तापमान 36.5 ते 37.5 अंश सेल्सिअस, म्हणजे 97.7 ते 99.5 फॅरनहाइट हवं. ताप आला की घर धावतं, थंड पडलं की "निवलंय" म्हणतं. तळव्याच्या मागच्या बाजूने आधी पोट आणि मग पाऊल चाचपायचं. पोट गरम, पाऊल गार असेल तर बाळ उष्णता राखायला झगडतंय. दोन्ही गार असतील तर ते हरत चाललंय. मग मॅडम पायलटांकडे वळल्या. मे महिन्यात खान्देशात पारा 44-45वर जातो, गाडीतला एसी पूर्ण ठेवलेला असतो, आणि त्या झोतात ओलं, दोन किलोचं बाळ स्ट्रेचरवर. "बाळ गाडीत आलं की एसी बंद. आईच्या उघड्या छातीवर बाळ, डोक्याला टोपी, वरून चादर. घामाघूम झालात तरी चालेल." पायलटांना या प्रशिक्षणात का बोलावलं होतं, ते मला तिथे कळलं.

खान्देशातल्या गाडीला आणखी एक पाहुणा भेटतो, विंचू चावलेलं मूल. लाल विंचवाच्या विषाने पाच-सहा वर्षांचं मूल आधी ओरडतं, मग घामाने निथळतं, ओकतं, हातपाय बर्फासारखे पडतात. वेदना कमी झाली की घरच्यांना वाटतं उतार पडला, पण विष हृदयावर काम करतच असतं आणि पुढे फुप्फुसात पाणी भरतं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं साधं, तोंडाने द्यायचं औषध यावर वापरून दाखवलं आणि मरणारी मुलं वाचायला लागली. ते औषध वेळेवर पडायचं तर घाम आणि गार हातपाय यांची सांगड आधी कोणाच्या तरी डोळ्यांना घालता आली पाहिजे.

सगळ्यात हशा पिकला तो फोनच्या सरावात. एक वयस्क सिस्टर आजी झाली, एक तरुण डॉक्टर पुण्याच्या नियंत्रण कक्षातला माणूस. आजी अहिराणीत सुटली. "पोऱ्या सकायपाईन पेत नही, नुस्ता पडेल शे, आंग थंडं पडनं!" समोरच्याने शांतपणे लिहिलं, "अशक्तपणा." सभागृह हसलं, पण मॅडम हसल्या नाहीत. त्या एका वाक्यात तीन धोक्याच्या खुणा होत्या, आणि कागदावर एकही उतरली नाही. मग तोच सराव पुढे चालू ठेवला. गाडीतल्या डॉक्टरने धुळ्याला फोन करून काय सांगायचं? "सिरियस बेबी घेऊन येतोय" एवढ्यावर तिकडे कोणी काही तयार ठेवत नाही. वय, वजन, श्वास मिनिटाला किती, छाती ओढते का, ऑक्सिमीटरवर किती, हाक मारल्यावर बघतं का, शेवटचं दूध केव्हा, काय दिलं आणि केव्हा दिलं, हे वीस सेकंदांत बसतं. दोन-तीनदा अडखळल्यावर बसायलाही लागलं.

ही उठाठेव कशासाठी, याचं उत्तर आफ्रिकेतल्या मलावी देशाने दिलं आहे. तिथल्या ब्लँटायर शहराच्या सरकारी रुग्णालयात बाह्यरुग्ण विभागाची रांगच बदलली. दारात आलेल्या प्रत्येक मुलाला आधी कोणीतरी बघायचं आणि अत्यवस्थ असेल त्याला रांगेतून उचलून आत घ्यायचं. भरती झालेल्या मुलांचे मृत्यू 10 ते 18 टक्क्यांवरून 6 ते 8 टक्क्यांवर आले. महागडी यंत्रं आली नव्हती. कोण आधी, हे ठरवणारा माणूस दारात आला होता.

आता माझं मत. असे वर्ग वर्षातून एकदा होतात आणि चांगलेही होतात, पण ते पुरणार नाहीत. एक तर शिकणाऱ्यांना निरोगी मुलं पुरेशी दाखवली जात नाहीत. आजारी मूल ओळखायला आधी शंभर धडधाकट मुलं बारकाईने पाहिलेली हवीत. 108च्या माणसांना महिन्यातून एक सकाळ लसीकरणाच्या सत्रात किंवा अंगणवाडीत बसवलं तर त्याला छदामही लागणार नाही. दुसरं, नवजात बालकांच्या कक्षात त्यांनी चार रात्री काढाव्यात. कण्हणं हे वहीतून शिकता येत नाही, कानाने एकदा ऐकावं लागतं. तिसरी गोष्ट मला सगळ्यात खटकते. गाडीतून नेऊन सोडलेल्या बाळाचं पुढे काय झालं, हे नेणाऱ्याला कधीच कळत नाही. चहाच्या वेळी एका डॉक्टरला मी विचारलं, तुम्ही गंभीर म्हणून नेलेल्यांपैकी खरंच गंभीर किती निघाले? तो म्हणाला, "आम्ही दारात सोडतो आणि पुढच्या कॉलला निघतो." आपला अंदाज बरोबर होता की चुकला, हे कळल्याशिवाय कोणाचीही नजर तयार होत नाही. मोठ्या रुग्णालयाने आठवड्यातून एकदा प्रत्येक गाडीला एका ओळीचा निरोप धाडला, अमुक बाळाला न्यूमोनिया निघाला, तमुक बाळ दुसऱ्या दिवशी घरी गेलं, तर त्या ओळीचं मोल आणखी एका कार्यशाळेहून जास्त असेल. आजच्या काळात याला एक व्हॉट्सअ‍ॅप गट पुरतो, मुलाचं नाव न लिहिताही.

वाचणाऱ्यांच्या घरात तान्हं बाळ असेल, तर एक विनंती. बाळ दूध घेईनासं झालं, हाक मारूनही बघेना, पोट भराभर उडायला लागलं, आकडी आली किंवा अंग गार पडलं, तर सकाळची वाट बघू नका, पोटावर बिब्बा-डाग नको, गुटी नको. 108 लावा आणि पहिल्या वाक्यातच बाळाचं वय आणि या पाचांपैकी जे दिसतंय ते सांगा. समोरचा "ताप आहे का?" विचारत राहिला तरी तुम्हाला दिसलेलं पुन्हा सांगा. गाडी येईपर्यंत बाळ आईच्या छातीशी ठेवा.